बारावं पाकीट

पासबुकातल्या एका ओळीवर हिगा-सानचं बोट थांबलं, तेव्हा ज्योत्स्नाला वाटलं, छपाई पुसट झाली असेल. भीती अशी वाटलीच नाही. सहा महिने ती या वकीलबाईंकडे येत होती, नागोयातल्या चौथ्या मजल्यावरच्या त्या लहानशा ऑफिसात, आणि सहा महिन्यांत त्यांनी मागितलेला प्रत्येक कागद तिने आणून दिला होता. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, घरभाड्याचा करार, विजेची बिलं, डॉक्टरांनी तिच्या मणक्याबद्दल लिहिलेलं पत्र. राहिलं होतं ते हे पासबुक, बँकेच्या मशीनमध्ये घालून आजच्या तारखेपर्यंत छापून आणलेलं. सोमवारी तिच्या दिवाळखोरीचा अर्ज कोर्टात जायचा होता. आज गुरुवार होता.

"या अरुणा-सान कोण?" हिगा-सानने विचारलं. "गेल्या सप्टेंबरात त्यांच्याकडून तुम्हाला एक लाख वीस हजार येन आलेत. आणि जानेवारीपासून दर महिन्याला तुम्ही त्यांना दहा हजार पाठवताय. थेट जुलैपर्यंत."

"ती भिशी आहे," ज्योत्स्ना म्हणाली. जपानीत दुसरा शब्द सुचला नाही म्हणून भिशीच म्हणाली, आणि मग हाताने गोल काढून समजावून सांगायला लागली. बारा बायका. दर महिन्याला प्रत्येकीने दहा हजार द्यायचे. चिठ्ठी टाकायची, जिचं नाव निघेल तिने त्या महिन्याची सगळी रक्कम उचलायची. बारा महिन्यांत प्रत्येकीला एकदा मिळतात. अरुणाताई भिशी चालवतात, म्हणून पैसे त्यांच्या खात्यात जातात. आपली चिठ्ठी पहिल्याच महिन्यात निघाली होती.

बोलता बोलता तिलाच हायसं वाटलं. इतकं सरळ होतं सगळं.

खरं म्हणजे गेल्या दोन वर्षांत तिच्या आयुष्यात सरळ असं काही उरलं नव्हतं. तिचा नवरा देवदत्त मोटार कंपनीत इंजिनियर होता. पोस्टिंगवर आला, रमला, इथला कायमचा परवाना मिळाला, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी त्याच्या मनाने घेतलं की नोकरी सोडून जेवणाचं दुकान काढायचं. कारखान्याच्या गेटासमोर, दुपारच्या थाळीचं. कर्जाच्या कागदावर जामीन म्हणून ज्योत्स्नाने सही केली. कुठली बायको नाही करत? दुकान चाललंही झकास, पण मग ते वर्ष आलं ज्यात सगळे घरून काम करायला लागले. गेटासमोर कुत्रं फिरकेना. पुढे दोन-तीन वर्षं देवदत्त ओढत राहिला, कार्डांवरून पैसे काढत राहिला, आणि एका मे महिन्यात तांदळाचं पोतं उचलताना खाली बसला तो उठलाच नाही.

मागे उरली ज्योत्स्ना, आणि बावन्न लाख येन. मूलबाळ नव्हतं. ती डबे भरायच्या कारखान्यात उभ्याचं काम करायला लागली, डिसेंबरात मणका गेला, आणि जानेवारीत कुयाकुशोत, म्हणजे वॉर्डाच्या कचेरीत जाऊन तिने 'सेइकात्सु होगो'चा अर्ज भरला. सरकारकडून जगण्यापुरते पैसे. एम.एस्सी. झालेली, पुण्यात कॉलेजात शिकवलेली बाई. त्या दिवशी ती एक स्टेशन अलीकडे उतरून चालत गेली होती, मणका दुखत असताना, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून.

ही गोष्ट नागोयातल्या एकाही मराठी माणसाला तिने सांगितली नव्हती. "ऑनलाइन ट्रान्सलेशनचं काम करते," एवढंच सांगितलं होतं, आणि मंडळींनी ते आनंदाने मानलं होतं.

फेब्रुवारीत पहिल्यांदा ती इथे आली, तेव्हा तिने हिगा-सानला वैतागून विचारलं होतं, "माझ्याकडे आहे काय? होगोच्या पैशांना सावकार हात लावू शकत नाही असं तुम्हीच म्हणता. मग दिवाळखोरी कशाला? असू दे ना कर्ज तिथल्या तिथे."

"तुम्ही अशाच राहणार असाल तर काहीच करायला नको," हिगा-सान शांतपणे म्हणाली होती. "जोपर्यंत दुसरं उत्पन्न नाही, तोपर्यंत तुम्हाला कोणी हात लावणार नाही. पण ज्या महिन्यात पगार सुरू होईल, त्या महिन्यात ते येतील. पगारातून कापून घेतील. मग भाडं भागणार नाही आणि तुम्ही परत होगोवर. माझ्याकडे अशी माणसं येतात जी कामाला जायला घाबरतात. वीस-वीस वर्षं."

ते ज्योत्स्नाला लागलं होतं. आणि आता तर नोकरी समोर होती. एका हॉस्पिटलात परदेशी पेशंटांसाठी दुभाषी हव्या होत्या. बसून काम, हिंदी-इंग्रजी-जपानी, डिसेंबरपासून. कोर्टाने कर्ज माफ केलं की त्या खुर्चीवर बसायचं आणि होगोचं कार्ड परत करून यायचं, एवढं एकच चित्र तिने उन्हाळाभर डोळ्यांसमोर धरलं होतं.

"आमच्या ओकिनावात याला मोआई म्हणतात," हिगा-सान आता म्हणाली. "माझी आई अजून तीन मोआईंमध्ये आहे."

ज्योत्स्ना हसली. "मग तुम्हाला कळलंच."

हिगा-सान हसली नाही. "कळलं, म्हणूनच सोडता येत नाही. ज्याने आधी उचललं, तो बाकीच्यांचं देणं लागतो. ज्योत्स्ना-सान, हे कर्ज आहे. फेब्रुवारीत मी तुम्हाला एक सांगितलं होतं. आजपासून कोणालाही एक येन परत करायचा नाही. एकाला द्यायचं आणि बाकीच्यांना नाही, हे कोर्टाला चालत नाही."

"मी कोणाला दिलं नाही," ज्योत्स्ना म्हणाली, आणि तिला मनापासून तसंच वाटत होतं. बँकेला दिलं नाही, कार्डवाल्यांना दिलं नाही, फोन वाजला की तोंडात मारल्यासारखी गप्प बसली. पण भिशी? भिशी म्हणजे कर्ज थोडंच? भिशी म्हणजे शब्द. इथे ना कागद ना सही, आणि म्हणूनच ती चुकवायची नसते. होगोच्या पैशांतून तिने दर महिन्याला आधी ते दहा हजार बाजूला काढले होते आणि उरलेल्यात महिना ढकलला होता. तीस येनला मिळणाऱ्या मोयाशीच्या, म्हणजे मोडांच्या पाकिटाची उसळ करून खाल्ली होती, सकाळी आणि रात्री, आणि त्या उसळीचा तिला अभिमान होता.

"किती राहिलेत?" हिगा-सानने विचारलं.

"एकच हप्ता. ऑगस्टचा. शेवटची भिशी अरुणाताईंचीच आहे. त्यांनीच शेवटचा नंबर मागून घेतला होता."

"म्हणजे आज तुम्ही त्यांचे दहा हजार लागता. त्यांचं नाव यादीत घालावं लागेल. नाव, पत्ता. कोर्ट यादीतल्या प्रत्येकाला पत्र पाठवतं."

"काय पत्र?"

"की तुम्ही दिवाळखोर झालात आणि कर्जमाफी मागताय. त्याला त्यांचा विरोध असेल तर त्यांनी कळवावं."

ज्योत्स्नाने फार हळू आवाजात विचारलं, हे नाव राहून गेलं तर? दहा हजार तर आहेत. बावन्न लाखांत दहा हजार कोण बघतंय?

"न्यायाधीश पासबुक बघतात," हिगा-सान म्हणाली. "मी बघितलं तसंच. राहून गेलं आणि लपवलं यात फरक आहे, आणि आता तुम्हाला माहीत आहे, म्हणून ते लपवलं होईल. मग माफी नाकारू शकतात. आत्तापर्यंत दिलेल्या हप्त्यांबद्दल आपण चूक झाली असं लिहून देऊ. ते बहुतेक समजून घेतील. लपवणं समजून घेणार नाहीत." तिने पासबुक मिटलं. "आणि ऑगस्टचा हप्ता द्यायचा नाही. सोमवारी सकाळी मला पत्ता कळवा."

*

भिशी रविवारी होती.

अरुणाताई चौसष्ट वर्षांच्या. ट्रेडिंग कंपनीतल्या नवऱ्याबरोबर पंचवीस वर्षांपूर्वी आल्या. आता नवरा नव्हता आणि त्या मुलाकडे, केदारकडे राहत होत्या. नागोयात कोणाचं बाळंतपण असो की कोणाचा पासपोर्ट हरवलेला असो, पहिला फोन अरुणाताईंना. त्यांचा एकच नाद, आणि तो म्हणजे हिशोब चोख हवा. भिशीचं पाकीट हातात आलं की देणारीच्या समोर नोटा मोजायच्या, मोठ्याने, मग ती डॉक्टर असो की बँकेतली. फक्त ज्योत्स्नाचं पाकीट त्या मोजत नसत. "हिचं काय मोजायचं," म्हणून तसंच डब्यात टाकत. डिसेंबरात मणका गेल्यापासून मात्र ज्योत्स्नाचं भिशीला येणं बंद झालं होतं, आणि हप्ता बँकेतून जात होता. देवदत्त गेल्यावर कोणीतरी कुजबुजलं होतं, हिला भिशीत कशाला घेताय, आणि अरुणाताईंनी सर्वांसमोर सांगितलं होतं, "तिची जबाबदारी माझी." पहिल्या महिन्यात ज्योत्स्नाचीच चिठ्ठी आपसूक निघाली, हेही ज्योत्स्नाला कधी पूर्ण पटलं नव्हतं.

ती गेली तेव्हा पर्समध्ये पाकीट होतं. पाकिटात दहा हजारांची नोट. वकीलबाईंनी नको म्हटलेलं असूनही तिने ते भरून घेतलं होतं. कशासाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं. भुयारी रेल्वेत बसल्या बसल्या तिने मनात दोन्ही बाजू शंभर वेळा घोळवल्या. नोट दिली की इथलं तोंड राहील आणि कोर्टातलं जाईल. नाही दिली तर उलटं. उतरेपर्यंत तिचं ठरलं नव्हतं.

बायका बसल्या होत्या, बटाटेवडे फिरत होते, केदारची लहान मुलगी प्रत्येकीला जपानीत काहीतरी विचारत पळत होती. अरुणाताईंनी वही काढली. एकेक पाकीट, एकेक मोजणी. मैथिली, दहा. केतकी, दहा. शैलजा, पाच-पाचच्या दोन, दहा. अकरावं पाकीट त्यांचं स्वतःचं, तेही त्यांनी मोजलं. मग ज्योत्स्नाकडे न बघताच हात पुढे केला, जुन्या सवयीने.

"ताई, जरा आत येता?" ज्योत्स्ना म्हणाली.

स्वयंपाकघरात तेल अजून गॅसवर होतं. ज्योत्स्नाने दार लोटलं आणि जे सात महिने कोणाला सांगितलं नव्हतं ते एका दमात सांगितलं. ट्रान्सलेशनचं काम नाही. होगो आहे. बावन्न लाख आहेत. डिसेंबरात नोकरी लागतेय, त्याआधी कर्ज माफ व्हावं म्हणून दिवाळखोरीचा अर्ज उद्या जातोय, आणि म्हणून हे पाकीट देता येत नाही.

अरुणाताईंनी गॅस बंद केला. "जानेवारीपासूनचे पैसे तिथलेच?"

"हो."

"आणि तू खात काय होतीस?"

ज्योत्स्नाला वाटलं, आता त्या जवळ घेतील, आणि असं वाटल्याची तिला नंतर फार लाज वाटली. कारण अजून एक गोष्ट सांगायची राहिली होती. "ताई, तुम्हाला कोर्टाचं पत्र येईल. यादीत तुमचं नाव घालावं लागतंय."

"कोर्टाचं?" अरुणाताईंचा आवाज एकदम खाली गेला. "या घरात? केदारच्या पत्त्यावर?"

"तुमचा पत्ता तोच आहे."

"तू मला जानेवारीत सांगितलं असतंस ना ज्योत्स्ना, तर तुझं नाव त्या दिवशीच वहीतून काढलं असतं. तुझे हप्ते मी भरले असते आणि कोणाला कळलं नसतं. तू मला सांगण्यासारखी समजली नाहीस." त्यांनी पदर खोचला. "जबाबदारी माझी म्हटलं होतं मी. चारचौघांत."

त्या बाहेर गेल्या. ज्योत्स्ना दाराशी उभी राहून ऐकत होती. आता सगळ्यांना कळणार. अरुणाताईंनी डब्यावर झाकण लावलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "बारा पाकिटं. झाली यंदाची भिशी."

जाताना त्यांनी सगळ्यांना दारापर्यंत सोडलं. ज्योत्स्नाची पाळी आली तेव्हा त्या नातीला हाक मारत आत गेल्या होत्या.

*

सोमवारी सकाळी तिने पत्ता कळवला. दुपारी वॉर्डाच्या कचेरीत जाऊन तिथल्या मोरिता-सानलाही भिशीचं सांगितलं. त्याने दोन ओळी लिहून घेतल्या आणि पुढच्या वेळी आधी विचारा म्हणाला. इतकंच. ज्याला ती सगळ्यात जास्त घाबरत होती, ते पाच मिनिटांत संपलं.

ऑगस्टच्या शेवटी कोर्टाची पत्रं गेली. सप्टेंबरात गणपती बसले, आणि मराठी मंडळाच्या आरतीला ज्योत्स्ना गेली नाही. अरुणाताईंना तिने तीनदा फोन केला. तीनही वेळा तो वाजत राहिला. चुकीची कबुली म्हणून कोर्टाला द्यायचं पत्र तिने जपानीत चार वेळा लिहिलं आणि हिगा-सानने चारही वेळा परत केलं. "यात तुम्ही अजून वकिली करताय," ती म्हणे. "तुम्ही काय केलं एवढंच लिहा."

ऑक्टोबर संपत आला तेव्हा हिगा-सानचा फोन आला. बँक आणि कार्ड कंपन्यांनी विरोध कळवलेला नाही. पण कोर्टात एक लिफाफा आलाय. आत कोर्टाचाच छापील कागद आहे आणि त्याच्या मागच्या बाजूला काहीतरी लिहिलंय. तिथे ते कोणाला वाचता येत नाही. तुम्ही या.

त्या चौथ्या मजल्यावर लिफ्ट असूनही त्या दिवशी ती जिन्याने चढली, म्हणजे तेवढाच उशीर. टेबलावर कागदाची प्रत होती. अरुणाताईंचं अक्षर, वहीतल्यासारखंच, ओळीला ओळ धरून.

"पाहिजे तर बाहेरच्या भाषांतरकाराला देऊ," हिगा-सान म्हणाली. "पण वेळ लागेल. तुम्ही सांगितलंत तर मी लिहून घेईन, आणि भाषांतर कर्जदाराचंच आहे असं कोर्टाला कळवीन. विरोध असेल तर विरोध म्हणून सांगा."

ज्योत्स्नाने आधी मनात वाचलं. मग पुन्हा पहिल्या ओळीवर आली. या खोलीत मराठी वाचणारं दुसरं कोणी नव्हतं. ही गोष्ट तिच्याही मनात येऊन गेली, आणि ती आली नव्हती असं तिने पुढे कधी म्हटलं नाही. तिने घसा साफ केला आणि एकेक वाक्य जपानीत सांगायला सुरुवात केली.

"माननीय न्यायाधीश यांस. आपलं पत्र माझ्या सुनेने फोनमधल्या भाषांतरातून वाचून दाखवलं. माझ्या मुलाने मला विचारलं की आई, तू लोकांशी कसले व्यवहार करतेस, आणि माझं पासबुक मागून घेतलं. पंचवीस वर्षांत माझ्यावर ही वेळ आली नव्हती. ती ज्योत्स्नामुळे आली."

हिगा-सानचं पेन थांबलं. ज्योत्स्ना थांबली नाही.

"ज्योत्स्ना माझ्याशी सात महिने खोटं बोलली. मला त्याचा राग आहे. या सात महिन्यांत तिने उपाशी राहून माझे हप्ते भरले. मला त्याचाही राग आहे. आपण विचारलंय की कर्जमाफीला माझा विरोध आहे का. बँकेचं काय ते आपण बघा. माझे दहा हजार मात्र कोर्टाने माफ करायचे नाहीत. माफ करायचे तर मी करीन, आणि मी केलेले नाहीत. तिला नोकरी लागणार आहे असं तिने सांगितलं. पहिल्या पगारातून ती ते मला आणून देईल. म्हणून तिला नोकरी करू द्यावी ही विनंती."

खाली सही होती आणि तारीख होती.

हिगा-सानने लिहिलेलं परत वाचून पाहिलं. "मग हा विरोध आहे की नाही?"

"मला माहीत नाही," ज्योत्स्ना म्हणाली.

"पहिला भाग तुमच्या विरुद्ध जातो. कळतंय ना?"

"लिहिलंय तसं जाऊ दे."

*

नोव्हेंबरात माफीचा आदेश आला, पानभराचा. त्यात अरुणाताईंच्या पत्राचा उल्लेख नव्हता. डिसेंबरात ज्योत्स्ना हॉस्पिटलातल्या खुर्चीवर बसायला लागली, आणि पंचवीस जानेवारीला खात्यात जे पैसे आले ते कोणी कापून नेले नाहीत. तिने ती ओळ मशीनवर छापून घेतली आणि स्टेशनच्या बाकावर बसून बराच वेळ बघत राहिली.

अरुणाताईंकडे निघण्याआधी तिने हिगा-सानला विचारून घेतलं होतं. कायद्याने आता तुम्ही त्यांचं काही लागत नाही, हिगा-सान म्हणाली होती, आणि स्वतःच्या पगारातून कोणाला काय द्यायचं हे कोर्ट विचारत नाही.

दार अरुणाताईंनीच उघडलं. आत केदार लॅपटॉपवर होता. त्याने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. अरुणाताईंनी तिला बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. ज्योत्स्नाने पाकीट पुढे केलं. तिने मुद्दाम हजार-हजारच्या नोटा घेतल्या होत्या, का कोण जाणे.

अरुणाताईंनी पाकीट फोडलं. बोट ओलं केलं. आणि तिच्यासमोर उभं राहून मोजायला लागल्या, मोठ्याने, एक, दोन, तीन. ज्योत्स्नाच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत तिचं पाकीट त्यांनी पहिल्यांदाच मोजलं होतं. दहापर्यंत गेल्या, मग नोटा उलट करून पुन्हा एकपासून मोजल्या.

"बरोबर आहेत," त्या म्हणाल्या.

मग केदारला ऐकू जाईल इतक्या स्पष्ट आवाजात पुढे म्हणाल्या, "पाडव्यापासून नवी भिशी लावतेय. तुझा नंबर शेवटचा. सगळ्यांचं देऊन झालं की मग तुझं. चालेल?"

"चालेल, ताई," ज्योत्स्ना म्हणाली.

"आणि हप्ता रोख आणायचा. मी मोजून घेणार."